इंजिनाचा आकडा तपासायचा तर खर्च किती? हिशेब केदारखेड्याहून

जुनी गाडी बघायला गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "बावीसचं अ‍ॅव्हरेज देते" आणि "इंजिन एक नंबर आहे, हात लावायचं काम नाही". शोरूममध्ये तेच जरा साहेबी थाटात सांगतात: इतके पीएस, इतके न्यूटन-मीटर, इतकं प्रमाणित मायलेज. सांगणारा कुणीही असो, तो आकडा कशाने मोजला, कुठे मोजला आणि मोजणारं साधन कुणी तपासलं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. केदारखेडा जालना-भोकरदन रस्त्यावरचं गाव. इथून ताकद मोजणारा डायनो शोधायचा तर पुण्याचा रस्ता धरावा लागतो. पण डायनोच्या आधी फुकटापासून दोन हजारांपर्यंतच्या बऱ्याच तपासण्या आहेत, आणि बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गावाकडच्या गाडीमालकाला हॉर्सपॉवर किती हे कळून फारसा उपयोग नसतो. गाडी पूर्वीपेक्षा जास्त पिते का, चारही सिलिंडर सारखे चालतात का, आणि विकणारा थापा मारतोय का, एवढं त्याला कळायला हवं. या तिन्हींसाठी एकुलत्या एका आकड्यापेक्षा एकाच साधनाने, एकाच पद्धतीने घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक जास्त भरवशाचा असतो. साधन थोडं चुकीचं असलं तरी ते दोन्ही वेळा सारखंच चुकतं.

सरकारी दर सोडले तर पुढचे बाकीचे दर ढोबळ आहेत. गॅरेजगणिक फरक पडणारच. भाव ठरल्याशिवाय बॉनेट उघडू देऊ नका.

फुल टाकी ते फुल टाकी: खर्च शून्य

पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, गाडी चालवायची, परत फुल करायची आणि भागाकार करायचा. गोची होते ती पंपावर. नोझल पहिल्यांदा कट झालं की पंपावरचा पोरगा रक्कम राउंड करायला आणखी दोन-तीनदा दाबतो, आणि टाकीत सहज अर्धा लिटर इकडे-तिकडे होतो. पाच लिटरवर हिशेब मांडला तर अर्ध्या लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. वीसचं खरं अ‍ॅव्हरेज कधी अठरा दिसेल, कधी बावीस. तीच चूक तीस लिटरवर झाली तर दोन टक्क्यांच्या आत राहते. म्हणून निदान तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर बेरजेत घ्या, एकाच पंपाच्या त्याच नोझलवर भरा आणि पहिल्या कटला थांबायला सांगा. "साहेब, राउंड करू का?" या प्रश्नाला उत्तर "नाही".

त्याच पंपावर आणखी एक फुकटची सोय आहे, ती फार थोडे लोक वापरतात. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्याच्यासमोर भरून दाखवावं लागतं. माप सपाट जागेवर ठेवायला लावा. आधी शिक्क्याचं वर्ष बघा. मग खाली बसून डोळे खुणेच्या पातळीला आणा आणि बघा. वरून वाकून पाहिलं तर पातळी चुकीची वाचली जाते. पाच लिटरला 25 मिलीपर्यंतची तफावत चालते, म्हणजे अर्धा टक्का. त्याहून कमी भरलं तर तक्रार करता येते. पंपावर दर्जाची शंका आली तर घनतेची तपासणीही मागता येते. त्या दिवशी नोंदवलेल्या घनतेपेक्षा, 15 अंश तापमानाला आणून, घनमीटरला 3 किलोहून जास्त फरक पडला तर विचारणा करायला जागा आहे. भेसळीसाठी फिल्टर पेपरची चाचणीसुद्धा तिथेच होते. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. थोडा धीटपणा मात्र लागतो, कारण मागे दुचाकींची रांग हॉर्न वाजवत असते.

आता एक गोष्ट जुन्या वहीवाल्यांसाठी. काही जण वर्षानुवर्षं डायरीत अ‍ॅव्हरेज लिहून ठेवतात. 2019 ची नोंद आणि आजची नोंद शेजारी ठेवली की त्यांना वाटतं, इंजिन गेलं. मधल्या काळात पेट्रोल बदललं, हे लक्षात घ्यायला हवं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलं होतं की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के घटेल. तेव्हा अठराची पावणेसतरा झाली म्हणून लगेच मिस्त्रीला इंजिन बांधायला सांगू नका. डिझेलवाल्यांना मात्र ही सबब नाही.

भागाकारातला दुसरा आकडा किलोमीटरचा. तो ओडोमीटर देतो, आणि ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. 165/80 आर 14 च्या जागी दुकानदाराने 185/65 आर 14 बसवून दिला तर चाकाचा व्यास 620 मिलिमीटरवरून 596 वर येतो, जवळपास चार टक्क्यांनी कमी. चाक जास्त फेरे मारतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज आपोआप सुधारलेलं दिसतं. गाडी तीच, इंजिन तेच. तपासायला मोबाइलचं जीपीएस पुरतं. पन्नासेक किलोमीटरच्या फेरीत मीटरचे आणि जीपीएसचे किलोमीटर ताडून बघा. दोन-तीन टक्क्यांचा फरक निघाला तर तो पुढच्या प्रत्येक हिशेबात धरा.

डॅशबोर्डवर झळकणारं सरासरी अ‍ॅव्हरेज हे मोजमाप नव्हे, गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज आहे. बऱ्याच गाड्यांत तो उदार असतो. तीन टाक्यांच्या हिशेबाशी एकदा ताडून पाहिला की आपल्या गाडीचा कॉम्प्युटर किती फुगवून सांगतो ते कळतं, आणि पुढे तेवढं वजा करून वाचता येतं.

पीयूसी: 125 किंवा 150 रुपये

महाराष्ट्रात 2022 पासून पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीच्या चारचाकीला 125 रुपये आणि डिझेलच्या चारचाकीला 150 रुपये पीयूसीचा दर आहे. लोक तो कागद दंड टाळायला घेतात आणि घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतात. खरं तर इतक्या स्वस्तात मिळणारा इंजिनाचा दुसरा रिपोर्ट नाही.

पेट्रोल गाडीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन छापलेले असतात. बीएस-4 आणि नंतरच्या गाड्यांना मर्यादा आहे 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. इंजिन 2500 फेऱ्यांच्या आसपास धरून घेतलेली लॅम्ब्डाची, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची, नोंदही असते, ती 0.97 ते 1.03 च्या मध्ये हवी. गाडी पास झाली एवढ्यावर थांबू नका, आकडा मर्यादेच्या किती जवळ आहे ते बघा. गेल्या वेळी हायड्रोकार्बन 40 होतं आणि या वेळी 170 आहे, तर गाडी पास आहे, पण कुठल्या तरी सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाही. डिझेलला धुराची घनता मोजतात. बीएस-4 ला 1.62 आणि त्याआधीच्या गाड्यांना 2.45 ही मर्यादा.

हे सगळं मोजणी प्रामाणिक असेल तर. डिझेलची चाचणी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, इंजिन पूर्ण चढवून, अनेकदा घ्यायची असते. हलक्या पायाने दाबला की धूर कमी दिसतो आणि सगळे खूश. नळी सायलेन्सरमध्ये न घालताच कागद हातात देणारेही भेटतात. तुम्हाला आकडा हवाय, कागद नव्हे, हे आधीच सांगा. इंजिन गरम करून न्या आणि मशीनजवळ उभे राहा.

कॉम्प्रेशन: 300 ते 2000 रुपये

जुनी गाडी घेताना एकाच तपासणीला पैसे मोजायचे असतील तर सिलिंडरमधला दाब बघणाऱ्या या तपासणीला मोजा. पेट्रोल गाडीला गॅरेजमध्ये साधारण 300 ते 600 रुपये घेतात. डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावे लागतात आणि जास्त दाबाचं गेज लागतं, म्हणून 800 ते 2000. पुढे इंजिनाचं काम निघालं तर लहान डिझेललाही पन्नास-साठ हजार सहज जातात, हे लक्षात घेता हा खर्च किरकोळ आहे. विकणारा नको म्हणाला तर त्यातूनच काय ते समजा.

गॅरेजमधला संवाद बहुधा असा होतो.

"मिस्त्री, चारही प्लग काढून बघा."

"एकच काढून पाहू ना भाऊ, बाकीचे सारखेच राहतेत."

इथे ऐकायचं नाही. चारही प्लग काढलेले हवेत, इंजिन गरम हवं, बॅटरी चार्ज हवी, पेट्रोलचा आणि स्पार्कचा पुरवठा बंद हवा आणि सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. तो दाबला नाही तर हवा आत जात नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. रबरी टोक नुसतं भोकावर दाबून धरायचं गेज असेल तर हाताच्या जोरावर आकडा बदलतो. आटे फिरवून बसणारं गेज मागा.

मग काट्याकडे बघा. शेवटी काटा कुठे थांबला यापेक्षा तो वर कसा चढला हे जास्त सांगतं. धडधाकट सिलिंडरमध्ये पहिल्या एक-दोन दणक्यांतच काटा निम्म्याच्या वर उडी घेतो आणि पाच-सहा दणक्यांत स्थिरावतो. गळका सिलिंडर रडतखडत चढतो. समजा आकडे आले 12.8, 12.6, 9.4 आणि 12.7. तिसऱ्यात गडबड आहे. त्याच भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजायला सांगा. काटा बाराच्या जवळ गेला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर संशय गॅस्केटवरच.

गॅरेजमधलं गेज कधी तपासलं होतं, हा प्रश्न विचारला तर मिस्त्री तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. त्याचं कॅलिब्रेशन करता येतं. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांना अशी गेजं नेहमीच तपासून घ्यावी लागतात, आणि एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा साधारण पाचशे ते दीड हजारांत एका गेजचा दाखला देतात. मिस्त्रीला तो खर्च परवडणारा आहे, पण तुम्हाला त्याची गरज नाही. गेज एक किलोने कमी दाखवत असेल तर चारही आकडे जवळपास तेवढेच कमी येतील, आणि 12.6 व 9.4 मधली दरी तशीच राहील. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा, हा ढोबळ नियम म्हणूनच कामाचा. काही कंपन्यांची मॅन्युअलं याहून कडक असतात.

कंपनीच्या आकड्याशी थेट तुलना करायचीच असेल तर जागेची उंची धरा. जालना जिल्ह्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मॅन्युअलमध्ये 14 लिहिलं असेल तर इथे निरोगी इंजिनावर सव्वातेरा येणं साहजिक आहे.

ऑइल भरायचं झाकण उघडून "बॅक कॉम्प्रेशन मारतं का" बघायची आपल्याकडे पद्धत आहे. ढणाढणा धूर आला तर गाडी सोडून द्या. पण थोडी फूफू प्रत्येक डिझेलला असते, आणि नजरेचा हा अंदाज ज्याच्या त्याच्या सोयीने वाचला जातो.

स्कॅनर: 300 ते 1000, स्वतःचा डोंगल 400 पासून

एप्रिल 2013 नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. गॅरेजवाला स्कॅनर लावून कोड वाचतो आणि पुसतो. पुसायच्या आधी फोटो काढून घ्या. पेट्रोल गाडीत एक आकडा आवर्जून विचारा: लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो ते. तो उणे-अधिक पाच टक्क्यांत असेल तर छान, दहाच्या पुढे असेल तर सेन्सर, गळती किंवा इंजेक्टर शोधावा लागेल. जुन्या गाडीत इथेनॉलमुळे तो थोडा वर सरकलेला असतो, म्हणून दोन-चार टक्क्यांनी घाबरू नका.

स्वतःचा डोंगल लावून मोबाइलच्या ॲपवर दिसणारं 'हॉर्सपॉवर' आणि 'अ‍ॅव्हरेज' मात्र करमणूक म्हणून बघा. बरीच ॲप आत येणाऱ्या हवेवरून पेट्रोल काढतात आणि एका किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा धरतात. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे ॲप खऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी पेट्रोल मोजतं. डिझेलमध्ये तर हवेचं प्रमाण क्षणोक्षणी बदलतं, तिथे हा हिशेब बसतच नाही.

पिकअप स्वतः मोजायचा तर

हौशी लोकांना इथे मजा आहे. तिसऱ्या गियरमध्ये 40 वरून 80 ला जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. रस्ता सरळ, मोकळा, वेगमर्यादेत बसणारा हवा, आणि मोबाइल शेजारच्याच्या हातात. समृद्धी महामार्गावर हा उद्योग नको. तिथे 120 च्या मर्यादेने गाड्या येत असतात आणि तुम्ही 40 वर रेंगाळाल.

गाडी आणि दोन माणसं मिळून वजन 1100 किलो धरलं आणि दहा सेकंद लागले, तर चाकांनी सरासरी 20 किलोवॅट, म्हणजे सुमारे 28 पीएस, नुसता वेग वाढवण्यात घातले असं गणित येतं. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. कंपनीने सांगितलेले 90 पीएस कुठे गेले म्हणून दचकू नका. तो आकडा इंजिनाच्या चढ्या फेऱ्यांवरचा कमाल आहे, हा अर्ध्या वाटेवरची सरासरी.

पण या गणितात चूक किती पटकन शिरते ते बघा. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून स्पीडोमीटर चार टक्के जास्त दाखवत असेल तर ताकदीत आठ टक्के खोट येते. स्पीडोमीटर जास्त दाखवणारच. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायची मुभाच नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालतं. डिकीत सोयाबीनची दोन कट्टी राहून गेली तर वजन शंभर किलोने वाढलं आणि नऊ टक्के हिशेब चुकला. एक टक्का चढ डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण साठच्या वेगाला तो जवळपास दोन किलोवॅट खातो, म्हणजे वीसातले दोन. म्हणून त्याच पट्ट्यावर जाताना आणि येताना, दोन्हीकडून निदान तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढायची. मोबाइलचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच नोंद घेतं, त्यामुळे दहा सेकंदांच्या मोजणीत एक सेकंदाची फसगत सहज होते. सेकंदाला दहा नोंदी घेणारी वेगळी जीपीएस यंत्रं दहा हजारांच्या पुढे मिळतात. त्यापेक्षा आधी स्थिर वेगात स्पीडोमीटरची खोट जीपीएसवर काढा, मग शेजारच्याला मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा आणि घरी येऊन फ्रेम मोजा. खर्च शून्य, करमणूक भरपूर.

एअर फिल्टर बदलायच्या आधी आणि नंतर, इंजेक्टर साफ करायच्या आधी आणि नंतर अशी जोडी मोजली की दुकानदाराने सांगितलेला फरक खरा की नुसता गोड शब्द, ते उमगतं. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक किंवा टाकीत टाकायच्या गोळ्या विकायला कुणी आलं तर तेवढीही तसदी नको. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा शंभरावर उपकरणांची चाचणी घेतली. फारच थोड्यांनी किरकोळ फायदा दाखवला, आणि काहींनी तर धूरच वाढवला.

डायनो: तीन-चार हजार, आणि पुण्याची फेरी

रोलरवर गाडी बांधून चाकांवरची ताकद मोजणारा डायनो पुण्या-मुंबईत खासगी ट्यूनिंगवाल्यांकडे मिळतो. दोन-तीन रनचे तीन-चार हजार धरा, चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर जास्त. केदारखेड्याहून पुणं एका बाजूने तीनशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊन सहाशे. अठराच्या अ‍ॅव्हरेजने 33 लिटर, आणि लिटरला 105 रुपये धरले तर साडेतीन हजारांचं पेट्रोल. टोल, जेवण आणि बुडालेला दिवस धरला की आठ-नऊ हजारांचा मामला होतो. जुन्या गाडीची तब्येत कळायला एवढं करू नये. गाडी रीमॅप करायला, म्हणजे कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवायला, कुणी वीस-चाळीस हजार मागत असेल, तर मात्र आधी आणि नंतर डायनो घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रीमॅपने वॉरंटी जाते, हे त्या सौद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही.

डायनोच्या कागदावर काय वाचायचं? पहिलं एकक. 66 किलोवॅट, 89.7 पीएस आणि 88.5 बीएचपी ही एकच ताकद आहे. आधीचा कागद बीएचपीत आणि नंतरचा पीएसमध्ये दिला की एक-दीड टक्का वाढ फुकटात पदरात पडते. दुसरं, आकडा चाकावरचा की इंजिनावरचा. गियरबॉक्स आणि टायर मिळून साधारण दहा ते वीस टक्के खातात. इंजिनावरचा आकडा ब्रोशरला जुळताना दिसला तर तो किती टक्के वाढवून काढला ते विचारा. टक्केवारी यंत्रावर बसलेला माणूस भरतो.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि ती दोन बटणांत लपलेली असते: हवामानाची दुरुस्ती. प्रमाणित ताकद 25 अंश तापमान आणि 99 किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबावर सांगतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. दाब 95 च्या घरात आणि मे महिन्यातली चाळीस अंशांची दुपार धरली तर दुरुस्तीचा गुणक येतो 1.08. चाकावर मोजले 70 पीएस आणि कागदावर छापले साडेपंच्याहत्तर. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. पण आंतरराष्ट्रीय मानकात हा गुणक 0.93 ते 1.07 च्या मध्ये असावा असं म्हटलंय. त्यापलीकडे गेला तर ती परिस्थिती रिपोर्टमध्ये नमूद करावी लागते. आपल्या पठारावर उन्हाळ्यात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. टर्बो गाड्यांमध्ये आणखी गुंता होतो. टर्बो विरळ हवा बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो, त्यावर साध्या इंजिनाचा गुणक लावला की ताकद फुगते. म्हणून दुरुस्ती केलेला आणि न केलेला, दोन्ही आकडे कागदावर मागा. आधीची आणि नंतरची चाचणी शक्यतो एकाच दिवशी, त्याच गियरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आणि इंजिन तेवढंच गरम असताना घ्यायला लावा. लागोपाठच्या तीन रनमध्येच दोन टक्क्यांचा फरक पडत असेल तर दोन टक्क्यांच्या वाढीला कुणी पैसे देऊ नयेत.

कंपनीचाच आकडा खोटा वाटला तर

गाडीच्या जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित' असं लिहिलेलं असतं. ही संस्था पुण्याची, 1966 ची. कोथरूडजवळची टेकडी तिच्याच नावाने ओळखली जाते. तिथला मायलेजचा आकडा खोटा नसतो, पण तो रोलरवर, ठरवून दिलेल्या चक्रात, जास्तीत जास्त 90 च्या वेगाने आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो. तुमच्या गाडीत सहा जण, वर कॅरियर आणि एसी तीनवर असेल तर तो आकडा मिळणार नाही, आणि ती फसवणूकही ठरत नाही. त्या आकड्याचा उपयोग दोन मॉडेलांची तुलना करण्यापुरता.

मोजणी बिनचूक असूनही आकडा खोटा ठरू शकतो, याचं देशी उदाहरण टवेराचं आहे. आपल्याकडच्या लग्नांत वऱ्हाड वाहणारी हीच ती गाडी. जुलै 2013 मध्ये जनरल मोटर्सने 2005 ते 2013 मधल्या 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या. कमी धूर देणारी इंजिनं बाजूला काढून ठेवायची आणि तपासणीच्या गाड्यांत तीच बसवायची, असा प्रकार कंपनीत चालला होता. वजनाच्या नोंदीतही फेरफार होता. यंत्रं बरोबरच मोजत होती, त्यांच्यासमोर ठेवलेली गाडीच निवडलेली होती.

ग्राहकाला दाद मिळते का? केरळमध्ये त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे फोर्डच्या एका डिझेल गाडीचं प्रकरण गेलं. माहितीपत्रकात लिटरला 32 किलोमीटरचा दावा होता, आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाच्या चाचणीत 19.6 भरलं. 2022 मध्ये आयोगाने ग्राहकाला 3 लाख 10 हजार रुपये द्यायला लावले. तक्रारदार जिंकला तो त्रयस्थ चाचणीमुळे. नुसती स्वतःची वही घेऊन गेला असता तर निकाल असाच लागला असता, असं मला वाटत नाही.

आपला जिल्हा आयोग जालन्यात आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000. मुदत दोन वर्षांची. वकील लावायची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघा, काही वेळा तेवढ्यावरच भागतं. दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो, पण त्या चाचणीचा खर्च आधी तक्रारदारालाच भरावा लागतो, हे धरून चाला. आणि हा मार्ग कंपनी किंवा डीलर समोर असेल तेव्हाचा. शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोग कामाला येत नाही. तिथे कॉम्प्रेशनचे ते पाचशे रुपये आधीच खर्च करावे लागतात.

आयोगाकडे जायचं ठरलंच तर गाडी घेतानाचं माहितीपत्रक, सर्व्हिसची बिलं आणि दर टाकीची पावती जपा. पंपावरची पावती थर्मल कागदावरची असते, उन्हात गाडीत राहिली तर काही महिन्यांत कोरी होते. भरल्या भरल्या तिचा आणि ओडोमीटरचा एकाच चौकटीत फोटो काढून ठेवा.